कोठी भरली

अनुषा मिस वजनकाटा घेऊन सैनपाट्याला आली, त्या दिवशी जौकलाच्या घरात दोन ओंजळी कुट्टूचं पीठ होतं, टोपलीभर सिस्नूचा, हाताला आग लावणारा रानपाला होता आणि मीठ होतं. बाकी चैत्राचं ऊन होतं, ते मात्र भरपूर होतं.

भाद्रपदात गारा पडल्या होत्या. कापणीला आठ दिवस उरले असताना राळा आणि वरी दोन्ही चिखलात आडवी झाली. मग हिवाळा आला तो कोरडाच गेला, बर्फ पडलं नाही, त्यामुळे शेतातला जव टीचभर वाढून पिवळा पडला. माघ संपायच्या आत कोठीचा तळ दिसू लागला.

आता सैनपाट्यात कोठीतलं धान्य संपलं असं कोणी म्हणत नाही. तसं बोललं तर चूल ऐकते आणि रुसते. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. धान्य संपलं की घरची बाई म्हणते, कोठी भरली. ऐकणारीनं काय ते समजावं आणि जमलं तर पदराआडून मूठभर पीठ आणून द्यावं. आणि खरोखरच भरली असेल तर काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. भरल्या कोठीचं नाव काढून दृष्ट कोण लावून घेईल? पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि त्यानं कोणाचं काही अडलं नव्हतं.

जौकला छपरावर बसून सिस्नू निवडत होती. चिमट्यानं एक एक पान उचलायचं, हाताला लागू द्यायचं नाही, लागलं तर संध्याकाळपर्यंत आग. इथली छपरं मातीची आणि सपाट, खालच्या घराचं छप्पर ते वरच्या घराचं अंगण. तिची सून रजुला शेजारी भिंतीला टेकून बसली होती. सहावा महिना लागला होता, पण पोट सोडलं तर बाकी अंगावर काही दिसत नव्हतं. मुलगा चक्रे कार्तिकातच हिंदुस्थानातल्या पहाडात मजुरीला गेला होता. वरीच्या पेरणीला येतो म्हणाला होता. जौकलाचा नवरा कड्यावरून पडून मेला त्याला सात वर्षं झाली. घरात पुरुष म्हणजे सासरा धनलाल. सत्तरी उलटली तरी नांगर तोच धरायचा आणि गावात चार लोक त्याला बघून उठून उभे राहायचे, एवढ्यावरच म्हातारा जगत होता.

वॉर्डाचा अध्यक्ष जयलाल वरच्या छपरावरूनच ओरडला, "धनलालबा! पाव्हणी तुमच्याकडं ठिवतोय. आठ दिस."

"ठेव की," धनलाल म्हणाला. "कोन पाव्हणी?"

"राजधानीची हाय. मोठ्या विद्यापीठात शिकती. डोंगरातली मानसं काय खात्यात, रानातनं काय आनत्यात, समदं वजन करून लिवनार हाय. आन् ऐका, तिच्याच वहीवरनं डेपोचं ठरनार. तांदळाचा डेपो. कुटल्या गावाला वाटा द्यायचा, कुटल्या न्हाई."

डेपो म्हटल्याबरोबर जौकलाच्या हातातला चिमटा थांबला. तिनं रजुलाकडं पाहिलं. रजुला पानांकडं बघत होती.

"आमच्याकडंच का?" जौकला हळूच म्हणाली.

"मंग काय मनसराकडं ठिवू? गावाची अब्रू हाय, वैनी. घरंदाज चूल पायजे."

घरंदाज चुलीवर तेव्हा पाणी तापत होतं.

मिस पोरसवदा होती, पंचविशीची. चढण चढून आल्यामुळे गाल लाल झालेले, नाकावर उन्हानं सोललेलं कातडं. खाचांच्या ओंडक्याची शिडी चढताना दोनदा घसरली, हसली, पुन्हा चढली. जौकलाला ती बघताक्षणीच आवडली, आणि हेच पुढं नडलं. मिस वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं.

चुलीपाशी बसून मिसनं वही उघडली. "दिदी, थोडे प्रश्न विचारते हं. घरात माणसं किती?"

"चार. एक बाहेरगावी."

"जमीन? गुरं?"

जौकलानं सांगितलं.

"आणि कोठीत सध्या धान्य किती आहे? भरलेली आहे, अर्धी आहे की रिकामी?"

चूल जळत होती. सासरा समोर बसला होता. जौकलाच्या तोंडून जे आजवर निघत आलं तेच निघालं.

"भरली."

मिसनं मान डोलावली आणि चौकटीत खूण केली. जौकलाला वाटलं, किती समजूतदार पोर आहे, एका शब्दात समजली.

मग मिसनं पिशवीतून शेवयांची पाकिटं आणि बिस्किटं काढली. "मी माझं वेगळं करीन. तुम्ही रोज जे खाता तेच करा, माझ्यासाठी काही बदलू नका. मला फक्त मोजायचंय."

धनलालचा चेहराच उतरला. "वेगळं? पाव्हण्यानं आमच्या चुलीपाशी बसून सोताचं खायचं? मंग आमी काय मेलो काय? ठेव त्ये आत."

"पण आजोबा..."

"ठेव म्हनलं ना पोरी."

तिनं ठेवलं. म्हातारा सुनेकडं वळून म्हणाला, "सूनबाई, वरीचा भात टाक. आन् राजमा."

जौकलानं त्याच्याकडं बघितलं. कोठीत काही नाही हे त्याला ठाऊक होतं. पण सूनबाई माहेराहून काहीतरी आणते, शेजारणीकडून काहीतरी करते, कुठून आणते ते पुरुषानं विचारायचं नसतं, असा त्याचा जन्माचा हिशेब होता. त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

चुलीवरच्या तुळईला बोकडाच्या कातड्याची पिशवी टांगलेली होती. धुरानं काळी झालेली. धुरात ठेवलं की किडा लागत नाही. तिच्यात चार पाथी, म्हणजे चारेक पायल्या, वरी होती, गारांच्या आधी तोडून ठेवलेल्या कणसांची. वैशाखात पेरायची. सगळा माघ आणि सगळा फाल्गुन जौकलानं त्या पिशवीखाली बसून सिस्नू शिजवला होता आणि एकदाही वर बघितलं नव्हतं. राजमा आणि लोटीभर तूप वरच्या आळीच्या नणंदेकडून आलं. वरी मात्र नणंदेकडंही नव्हती. म्हातारा मिसला घेऊन गुरं दाखवायला खाली गेला तेव्हा जौकलानं हात वर केला आणि पिशवीची गाठ सोडली.

"आमा," रजुला दबक्या आवाजात म्हणाली, "बियानं हाय त्ये."

"म्हाईत हाय मला. उखळ पूस."

दोघींनी मिळून वरी कांडली. चैत्राच्या भर दुपारी सैनपाट्यात उखळाचा आवाज झाला आणि सगळ्या छपरांवरच्या माना वळल्या. घटकाभरात शेजारच्या मनसराचंही उखळ वाजायला लागलं. मग तिच्या पलीकडचं. मिस खालून खूष होऊन वर आली. "किती छान आवाज येतोय सगळीकडून!" मनसराच्या उखळात गेल्या सालचा कोंडा होता. तोच ती कांडत होती, घामाघूम होऊन.

मिसनं काट्यावर आधी वरी ठेवली, मग राजमा, मग तूप. भात झाल्यावर पुन्हा वजन. मग प्रत्येकाची थाळी वेगवेगळी. धनलालची, तिची स्वतःची, जौकलाची. आणि मग ती म्हणाली, "रजुलाची थाळी?"

"ती मागनं खाती," जौकला म्हणाली. सून मागून खाते, भांड्यात उरेल ते. त्यात बोलण्यासारखं काय होतं?

"तिचीच तर मला सगळ्यात महत्त्वाची आहे. पोटुशी आहे ना? आत्ताच वाढा, माझ्यासमोर."

जौकलानं रजुलाची थाळी भरली. काट्यावर ठेवली. काट्यावर ठेवायची म्हणजे हात आखडून कसं चालेल? आणखी एक डाव घातला. रजुलानं सासऱ्याच्या बापासमोर पदर पुढं ओढला आणि खायला लागली. आधी हळूहळू खात होती, मग तिला भान राहिलं नाही. बोटं चाटली, थाळी चाटली, थाळी धुऊन ते पाणीही पिऊन टाकलं. जौकला बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून या पोरीला तिनं पोटभर जेवताना कधी पाहिलंच नव्हतं, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पिशवी सोडली. पहिल्या दिवशी अब्रूसाठी सोडली होती. दुसऱ्या दिवशी का सोडली ते तिचं तिलाच ठाऊक.

गावाला काट्याची गंमत वाटायला लागली. कोणी कोंबडी आणून मोजून घेतली, कोणी दगड. मनसरा म्हणाली, "मिस, आमच्या जयलालची जीभ मोजा की. काटा मोडंल." मिस पोट धरून हसली. ती सगळीकडं जौकलाच्या मागं यायची. शेणखताची डोको, बांबूची उभी टोपली, पाठीवर घेऊन जौकला शेताच्या पायऱ्या चढायची, कपाळावरच्या पट्ट्यानं मान ताठ, आणि मिस खाली उभी राहून घड्याळात बघून लिहायची. एकदा तिनं स्वतः डोको घेऊन बघितली. दहा पावलं चालली आणि बसली.

"दिदी, दिवसातून किती खेपा?"

"मोजत न्हाई. ढीग सरला की थांबते."

"दमत नाही?"

"दमते की. दमून सांगू कुनाला?"

हेही तिनं लिहून घेतलं. कोणता पाला खाता, कोणते कंद उकळून खाता, जंगल किती लांब सरकलं, ओढ्याला पाणी किती कमी झालं, सगळं विचारलं. इतक्या आपुलकीनं जौकलाला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच.

रजुलाच्या गालांवर पाचव्या दिवशी तजेला आला. ती उखळावर गाणं गुणगुणायला लागली. पोटातलं मूल लाथ मारतंय म्हणून तिनं जौकलाचा हात धरून पोटावर ठेवला. खरंच मारत होतं. वर तुळईला पिशवी लोंबत होती, रिकाम्या स्तनासारखी.

सातव्या दिवशी सकाळी बायका झऱ्यावर धुणं धूत होत्या. मिस दगडावर बसून वही चाळत होती.

"एक सांगू दिदी? मी घाबरत घाबरत आले होते," ती म्हणाली. "राजधानीत सगळे म्हणायचे, तिकडं उपासमार आहे. आणि इथं तर तेवीसच्या तेवीस घरांनी सांगितलं, कोठी भरलेली आहे. भर चैत्रात! तुमची जुनी पिकं, तुमची पद्धत... हे सगळं मी लिहिणार आहे. डोंगरातली माणसं बिचारी नसतात म्हणून."

जौकलाच्या हातातलं लुगडं पाण्यात तसंच राहिलं. बाजूला मनसरानं धोपाटणं खाली ठेवलं.

"तुमी तसंच लिवलंत?" जौकलानं विचारलं. "भरली म्हंजी... भरलेली?"

"हो. मग?"

"अवो मिस, भरली म्हंजी भरलेली न्हाई."

"म्हणजे?"

चूल इथून लांब होती, तरी जीभ वळेना. मनसरानंच धीर केला. "म्हंजी आत काय बी न्हाई. तसं बोलायचं नसतंय, म्हनून भरली म्हनायचं."

मिसचे डोळे चमकले. तिनं घाईघाईनं वही उघडली. "थांबा, थांबा. पुन्हा सांगा. रिकामी असली की भरली म्हणता? कधीपासून? बायकाच म्हणतात की पुरुषही?" तिनं तीनदा म्हणवून घेतलं, आवाज टिपायचा एक छोटा डबा तोंडासमोर धरून. "किती सुंदर आहे हे!"

"सुंदर न्हाई, मिस," जौकला म्हणाली. "खरं हाय. वहीत बदला. डेपो जाईल आमचा."

मिस थांबली. मग हळूच, समजावल्यासारखी बोलली. "दिदी, पण मी सात दिवस स्वतः मोजलंय. तुमच्या घरात माणशी जेवढं शिजतं तेवढं तर आमच्या घरी पण शिजत नाही. आकडे कसे बदलू? एक शब्द असा, एक तसा, पण काटा तर खोटं बोलत नाही ना?"

काटा खोटं बोलत नव्हताच. खोटं बोलली होती ती थाळी. आणि ती खोटी होती हे सांगायचं तर बियाणं खाल्लं हे सांगावं लागणार होतं. सैनपाट्यात एखादी बाई नवऱ्याला सोडून गेली तर लोक वर्षभर बोलतात. बियाणं खाल्लेल्या घराबद्दल नातवंडं बोलतात. मनसरा, तिची सून, जयलालची बायको, सगळ्या जौकलाच्या तोंडाकडं बघत होत्या.

"घरला चला," जौकला उठली. "दावते."

तिनं ओल्या हातानं मिसचा हात धरला आणि चढण चढायला लागली. कोठीचं झाकण परक्यासमोर उघडत नाहीत. घरची थोरली बाई उघडते, तीही पाठ करून, आडोशानं. जौकलानं मिसला चुलीमागच्या अंधाऱ्या खणात नेलं, देवदारी फळ्यांच्या कोठीपाशी उभं केलं आणि झाकण सताड उघडलं. आत कोपऱ्यात थोडा भुसा होता आणि उंदराच्या लेंड्या.

"संपलंय," ती म्हणाली. चुलीसमोर, मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा. "समदं संपलंय, मिस. माघापास्नं संपलंय."

रजुलानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

मिस वाकून आत बघत होती. तिचा चेहरा बदलत होता. ती काहीतरी विचारणार, तेवढ्यात शिडीवर खोकला ऐकू आला. धनलाल दारात उभा होता. त्यानं उघडं झाकण पाहिलं, आत वाकलेली परकी मुलगी पाहिली. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि हसला. जौकलानं त्याला इतकं कसंनुसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"आगं पोरी, ती जुनी कोठी हाय," तो म्हणाला. "वापरात न्हाई. धान्य खाली हाय, गोठ्यामागं, जमिनीत पुरलेलं. चोराचिलटाचं भ्या."

"पण दिदी म्हणतात..."

"डेपोचा तांदूळ पांढरा असतोय. बायांची जीभ चटावलीय त्याला. गावोगाव हेच चाललंय, रडायचं आन् तांदूळ घ्यायचा. आमच्या घरात आजवर कुनी हात पसरला न्हाई." "हिलाच काय झालंय, कळंना."

जौकला उभी होती. बोलायचं तर सासऱ्याला पाहुणीसमोर खोटं पाडायचं. सत्तर वर्षांचा माणूस, दारात, नुसत्या मानावर उभा. तिनं तोंड उघडलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. तिला ती सहन झाली नाही.

तिनं झाकण लावलं.

"खाली दाखवू का, पोरी? उकरून?" म्हातारा म्हणाला.

"नको नको, आजोबा. कशाला," मिस घाईनं म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. जौकलाच्या खांद्यावर हात ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला राग नाही आला दिदी. सगळीकडे असंच होतं. मदत मिळेल म्हटल्यावर लोक थोडं कमी सांगतात. आम्हाला शिकवलेलंच असतं ते."

जौकलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती उखळाकडं गेली. त्या दिवशीचा भात अजून व्हायचा होता.

आठव्या दिवशी मिस गेली. जाताना रजुलाला गळामिठी घातली, बिस्किटं आणि शेवयांची पाकिटं ठेवून गेली, जौकलाला साबणाची वडी दिली. वळणावरून तिनं दोनदा हात हलवला. बिस्किटं चार दिवस पुरली. मग पुन्हा सिस्नू. रजुला पहिल्या दिवशी पाल्याचं पातळ पाणी प्यायली आणि सवयीनं थाळी पुढं करून बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं थाळी मागं घेतली.

वैशाख आला. चक्रे आला नाही. पहाडातल्या रस्त्याचं काम लांबलंय, असा कोणाबरोबर तरी निरोप आला. गावातली औतं शेतावर गेली. धनलालनं बैलांना पाणी दाखवलं, जोतं तपासलं, आणि सकाळी चुलीपाशी येऊन म्हणाला, "सूनबाई, पिशवी काढ."

जौकला चुलीत फुंकर घालत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"पिशवी भरली, बा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं वर तुळईकडं बघितलं. पिशवी होती तिथंच होती. तो उठला, काठीनं तिला हळूच ढोसलं. ती हलकी झुलली. तो खाली बसला. तो आपल्या तळहातांकडं बघत राहिला.

"त्ये आठ दिस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"म्या मागितला व्हता भात."

जौकलानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. आपण दुसऱ्या दिवसापासून कोणासाठी शिजवला हे तिला सांगता आलं असतं. त्यानं म्हाताऱ्याचा भार हलका झाला असता की वाढला असता, तिला ठरवता आलं नाही.

"माझ्याच जिभेनं खाल्लं," धनलाल म्हणाला आणि उठला.

त्यानं रिकामी पिशवी काढून खांद्याला अडकवली, बैल जुंपले आणि शेतावर गेला. आजूबाजूच्या शेतांत सगळं गाव होतं. धनलालनं नांगर धरला, तासं काढली. मग पिशवीत हात घातला, मूठ बाहेर काढली आणि पेरायला लागला. हात पुढं, मूठ उघडी, हात मागं. पन्नास वर्षांचा सराव, एक फेक चुकली नाही. बांधावरून जाणारा जयलाल ओरडला, "झाली का पेरनी, बा?" आणि म्हातारा म्हणाला, "झालीच म्हन." जौकला मागून ढेकळं फोडत होती. ती मान खाली घालून, रिकाम्या तासांवर माती ओढत, शेवटच्या बांधापर्यंत गेली.

दुपारी भाकरीच्या वेळेला मनसरा बांधावर येऊन बसली.

"तुझ्या सासऱ्याच्या मागं पाखरं उतरली न्हाईत गं," ती हळूच म्हणाली. "साऱ्यांच्या शेतात उतरली."

जौकलानं कुदळीचा दांडा घट्ट धरला. मनसरानं इकडंतिकडं बघितलं, कमरेची पुरचुंडी सोडली आणि मूठभर वरी तिच्या ओच्यात टाकली. "तुमचीच हाय. आमच्या छपरावर सांडली व्हती," असं म्हणून ती झपाझप निघून गेली. ती मूठ शेताच्या एका कोपऱ्याला पुरली.

ज्येष्ठात खालच्या खाडबाट्याला डेपो उघडला. दोन दिवसांची वाट. खाडबाट्याच्या बायांनी म्हणे मिसला सरळ सांगितलं होतं, काही नाही आमच्याकडं, उपाशी मरतोय. त्यांची बोली वेगळी, त्यांच्यात असल्या भानगडी नाहीत. सैनपाट्याच्या वाट्याचं काय झालं ते जयलाल सांगत नव्हता, विचारलं की खोकायचा. रजुलाला आठवा संपत आला होता. शिडी चढताना ती मध्येच थांबून खांबाला डोकं टेकायची. पिवळा पडूनही जो थोडा जव तगला होता, त्याला अजून दाणा भरला नव्हता आणि त्याचा तरी काय भरवसा? एका पहाटे जौकलानं रिकामं पोतं कमरेला गुंडाळलं आणि निघाली. धनलाल छपरावर पाठ करून बसला होता. त्याला विचारायचं नव्हतं आणि तिला सांगायचं नव्हतं.

खाडबाट्याच्या पत्र्याच्या शेडसमोर शंभरएक माणसं होती. उन्हात बसून बसून जौकलाचा नंबर दुपारी आला. आत तांदळाच्या गोण्या छताला भिडल्या होत्या. उंदरांनी कुरतडलेल्या कोपऱ्यातून थोडे दाणे जमिनीवर सांडले होते. तिची नजर तिथून हलेना.

"गाव?" टेबलामागच्या कारकुनानं विचारलं.

"सैनपाटा."

त्याचं बोट यादीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. "सैनपाटा नाही यात."

"बघा की साहेब, नीट बघा. तेवीस घरं हायत. सून पोटुशी हाय."

त्यानं दुसरा कागद ओढला. छापील होता, शिक्का मारलेला. तो चांगला माणूस असावा, कारण त्यानं वाचून दाखवायची तसदी घेतली. "हे बघ बाई. सैनपाटा. आठ दिवस वजन करून पाहणी केलेली आहे. अन्न पुरेसं. बायाबापड्यांचा आहारसुद्धा उत्तम. आणि कोठीबद्दल सगळ्या घरांचं उत्तर एकच." त्यानं मान वर केली. "कोठी भरली, असं तुम्हीच सांगितलंय ना?"

मागच्या रांगेतल्या खाडबाट्याच्या बाया फिदीफिदी हसल्या. "आगंबाई! भरली असून रांगेत?"

जौकलानं कारकुनाकडं बघितलं. मग गोण्यांकडं. मग जमिनीवरच्या त्या दाण्यांकडं. तिला झऱ्यावरची मिस आठवली, चमकलेल्या डोळ्यांची, पुन्हा सांगा म्हणणारी.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "भरली."

तिनं पोतं पुन्हा कमरेला गुंडाळलं आणि मागच्या बाईला पुढं येऊ दिलं.